जिभेने जड, मनाने साशंक

वाचक भगिनीचे पत्र (संक्षिप्त): ‘मी त्रेचाळीस वर्षांची असून अहिल्यानगर जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी राहते. लहानपणापासून माझे बोलणे अडखळते. येत्या जूनपासून मी शब्बाथशाळेची (मुलांच्या रविवारच्या धर्मवर्गाची) जबाबदारी घ्यावी आणि भगिनी मंडळात आरंभीची प्रार्थना करावी, असे आमच्या पाळकसाहेबांनी मला सांगितले आहे. मागे एकदा मी प्रार्थनेला उभी राहिले असता “हे पित्या” या पहिल्याच शब्दांवर अडकले आणि मागच्या बाकावरून हसण्याचा आवाज आला. सभा संपल्यावर एका वडीलधाऱ्या भगिनीने मला बाजूला घेऊन सांगितले की, तुझा पुरता विश्वास असता तर प्रभूने तुझी जीभ केव्हाच मोकळी केली असती. दुसरी गोष्ट याहून अवघड आहे. दीड वर्षापूर्वी माझा धाकटा भाऊ मूत्रपिंडाच्या आजाराने गेला. सगळ्या मंडळीने साखळी प्रार्थना केली, उपवास केले. तेव्हापासून मी उपासनेला जाते, गीते म्हणते, पण ऐकणारा कोणी आहे का, हा संशय मनातून जात नाही. जिची जीभ चालत नाही आणि मनही स्थिर नाही, अशा बाईने मुलांना देवावर भरवसा ठेवायला शिकवणे हे ढोंग नव्हे काय?’

ख्रिस्तात प्रिय भगिनी, सलाम.

तुमच्या पत्रात प्रश्न दोन आहेत आणि ते एकमेकांत गुंतले आहेत. त्या वडीलधाऱ्या भगिनीच्या एका वाक्याने ती गाठ अधिकच घट्ट झाली आहे, म्हणून आधी त्या वाक्याचे पाहू. ते वाक्य शास्त्राला धरून नाही. त्यांनी ते कळवळ्याने म्हटले असेल, असे आपण धरून चालू. पण कळवळ्याने दिलेले चुकीचे औषधही चुकीचेच असते. आपल्या म्हणण्याला आधार म्हणून त्या बहुधा मार्काच्या शुभवर्तमानाच्या सातव्या अध्यायाकडे बोट दाखवतील, कारण तिथे प्रभूने एका बहिऱ्या आणि तोतऱ्या माणसाला बरे केले आहे. तो भाग तुम्ही स्वतः उघडून सावकाश वाचा. त्या माणसाच्या विश्वासाविषयी तिथे एक शब्दही नाही. त्याला इतरांनी आणले होते आणि विनंतीही त्यांनीच केली होती. शिवाय प्रभूने सर्वांत आधी काय केले, तर त्याला गर्दीतून बाजूला, एकांतात नेले. मागच्या बाकावरचे हसणे ज्याने ऐकले आहे, त्याला या तपशिलाचे मोल निराळे सांगावे लागत नाही.

आता मोशेकडे येऊ. मोशे जड जिभेचा होता हे आपल्याला शब्बाथशाळेपासून ठाऊक असते. पण बायबलातील निर्गम या पुस्तकाच्या चौथ्या अध्यायातील त्याचे वाक्य आपण अर्धेच लक्षात ठेवतो. आपण पूर्वीपासून बोलके नाही, एवढेच तो म्हणत नाही. तू आपल्या दासाशी बोलू लागलास तेव्हापासूनही मी तसाच आहे, असे तो पुढे म्हणतो. म्हणजे जळत्या झुडपासमोर पायांतले जोडे काढून उभा असलेला, देवाचा आवाज प्रत्यक्ष ऐकत असलेला हा ऐंशी वर्षांचा मनुष्य देवालाच सांगतो आहे की, तुझी भेट होऊनही माझी जीभ सुटलेली नाही. त्यावर देव त्याला अविश्वासू ठरवत नाही आणि त्याची जीभही तिथल्या तिथे बरी करत नाही. मनुष्याचे तोंड कोणी केले, असा प्रश्न तो विचारतो आणि मी तुझ्या मुखाबरोबर असेन, असे वचन देतो.

देवाला राग आला तो याच्याही पुढे. मी कोण, तुझे नाव काय सांगू, लोकांनी माझे ऐकले नाही तर काय, मला बोलता येत नाही, अशा चार अडचणी मोशेने मांडल्या आणि देवाने चारही वेळा शांतपणे उत्तर दिले. पाचव्या वेळी, दुसऱ्या कोणाला तरी पाठव, असे तो म्हणाला तेव्हा देवाचा कोप भडकला, असे ग्रंथात लिहिले आहे. आपले उणेपण उघड सांगणे आणि त्या उणेपणाच्या आड लपणे या दोन गोष्टी शास्त्राने अशा वेगळ्या काढल्या आहेत. तुम्ही यांपैकी काय करत आहात हे मी इथे बसून ठरवू शकत नाही. तुमच्या पत्राच्या सुरावरून मला पहिलेच वाटते, कारण लपणारा मनुष्य इतके लांब पत्र लिहीत नाही.

मात्र त्या कोपातही देवाने मोशेला त्याच्या वतीने बोलायला त्याचा भाऊ अहरोन दिला. सोबतीला बोलणारा माणूस देणे ही देवाने स्वतः केलेली व्यवस्था आहे, हे लक्षात घ्या आणि पाळकसाहेबांकडे सोबतीण मागताना मुळीच संकोचू नका. (जाता जाता एक गोष्ट सांगतो. मोशे पर्वतावर असताना सोन्याचे वासरू घडवून देणारा तो हाच फर्डा वक्ता अहरोन. जाब विचारला तेव्हा, मी सोने आगीत टाकले आणि हे वासरू बाहेर आले, असे सफाईदार उत्तर त्याने दिले. मंडळीत ज्यांची जीभ सुरीसारखी चालते, त्यांच्याविषयी फार हेवा वाटू लागला की मी निर्गमाचा बत्तिसावा अध्याय काढतो.)

मोशेचा तोतरेपणा गेला असे शास्त्रात कुठेही लिहिलेले नाही. आरंभी अहरोन बोलत होता आणि पुढे कधीतरी मोशे स्वतः फारोशी, म्हणजे मिसरच्या राजाशी, बोलू लागला. पण तो बदल नेमका केव्हा झाला, याची नोंद करण्याचे कारण ग्रंथाला वाटलेले नाही. ‘बोलका नाही’ असे आपण ज्याचे भाषांतर करतो, ते मूळ हिब्रूत ‘मी शब्दांचा माणूस नव्हे’ असे आहे. त्याच माणसाची शेवटची प्रवचने ज्या पुस्तकात आहेत, त्या अनुवादाच्या पुस्तकाला हिब्रूत ‘देवारीम’, म्हणजे ‘शब्द’, असे नाव आहे.

आता थोडे व्यवहाराचे बोलतो, कारण आत्मिक सल्ला देताना व्यवहार गाळला की सल्ला हवेत राहतो. मोठ्या माणसांत सुमारे शंभरांत एकाला तोतरेपणाचा हा त्रास असतो. त्याचे मूळ मेंदूत बोलण्याची जुळणी आणि वेळ साधणाऱ्या क्रियेत असते, पुष्कळदा तो घराण्यातून येतो आणि भित्रेपणाशी किंवा अविश्वासाशी त्याचा संबंध नसतो. भीती ही त्याच्या मागून येते आणि त्याला वाढवते. वाचा-उपचार तज्ज्ञाकडे जाणे म्हणजे विश्वासात उणे पडणे नव्हे. चष्मा लावून वचन वाचणाऱ्याला आपण कधी अविश्वासू म्हटलेले नाही. मुंबईला वांद्र्यात अली यावर जंग यांच्या नावाची राष्ट्रीय संस्था याच कामासाठी आहे, आणि तेवढे लांब जाणे जमत नसेल तर जवळच्या मोठ्या शासकीय रुग्णालयात कान-नाक-घसा विभागात चौकशी करावी. तोतरेपणा असलेल्या बहुतेकांना गाताना किंवा इतरांच्या सुरात सूर मिसळून बोलताना अडखळायला होत नाही, हे तुम्ही अनुभवाने जाणत असालच. ‘उपासना संगीता’तील गीत म्हणताना तुम्ही अडकता काय? मंडळीबरोबर प्रभूची प्रार्थना म्हणताना अडकता काय? तुमचे उत्तर ‘नाही’ असेल, असा माझा अंदाज आहे. मग शब्बाथशाळेचा तास त्याच पायावर उभा करा. सोनेरी वचन (त्या दिवशी पाठ करायचे वचन) सर्वांनी एकत्र म्हणावे, स्तोत्र प्रतिवाचनाने वाचावे, गीते भरपूर असावीत आणि गोष्ट सांगण्याचा भाग पहिले काही महिने सोबतिणीकडे द्यावा. पहिल्याच दिवशी मुलांना सांगून टाका की, तुमच्या बाईंचा शब्द कधीकधी अडतो, तेव्हा घाईने तो पुरा करून द्यायचा नाही, थांबायचे. मुले हे मोठ्यांपेक्षा लवकर शिकतात. भगिनी मंडळातील प्रार्थनेचा आग्रह मात्र पाळकसाहेबांनी सध्या धरू नये, असे माझे स्पष्ट मत आहे आणि ते तुम्ही त्यांना माझ्या नावाने कळवावे. जखम जिथे झाली, तिथेच पुन्हा उभे करण्याची घाई कशासाठी?

पंडिता रमाबाईंची आठवण इथे केल्यावाचून राहवत नाही, कारण तुमचे दोन्ही प्रश्न त्यांच्या आयुष्यात एकत्र आले होते. १८८३ साली त्या वैद्यकाचे शिक्षण घेण्याच्या हेतूने इंग्लंडला गेल्या, पण ऐकू कमी येत असल्यामुळे तो बेत सोडावा लागला. त्याच वर्षी सप्टेंबरात वाँटेज येथे त्यांचा बाप्तिस्मा झाला, आणि त्यानंतरही त्यांचे प्रश्न थांबले नाहीत. त्रैक्याविषयी (पिता, पुत्र व पवित्र आत्मा मिळून एक देव या शिकवणुकीविषयी), चर्चच्या अधिकाराविषयी, शास्त्राच्या अर्थाविषयी त्या तेथील धर्मभगिनींशी पत्रांतून इतक्या रोखठोकपणे वाद घालीत की, त्यांना वळण लावू पाहणाऱ्यांची पंचाईत होत असे. बाप्तिस्म्याच्या वेळी आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला, पण ख्रिस्त मिळायला आणखी सुमारे आठ वर्षे लागली, असे त्यांनी पुढे आपल्या साक्षीत स्वतःच लिहून ठेवले आहे. आता या आठ वर्षांत काय काय झाले ते पाहा. त्या अमेरिकेत हिंडल्या, हिंदुस्थानातील स्त्रियांची स्थिती तिथल्या लोकांपुढे मांडून त्यांनी मदत उभी केली आणि ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन उघडले. म्हणजे मनातील अखेरच्या प्रश्नाचे उत्तर मिळेपर्यंत त्या हात बांधून बसल्या नाहीत. पुढे १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून आणलेल्या शेकडो मुलींना त्यांनी केडगावी आसरा दिला, हिब्रू आणि ग्रीक शिकून घेतले आणि साध्या बायकांना कळेल अशा मराठीत सबंध बायबलाचे भाषांतर हाती घेतले. १९२१ साली त्यांची एकुलती एक मुलगी मनोरमा गेली, तरी त्यांनी ते काम खाली ठेवले नाही. १९२२ च्या एप्रिलमध्ये त्यांचा देह पडला तेव्हा भाषांतर पुरे झालेले होते.

कान गेले म्हणून केडगावचे त्यांचे मुक्ती मिशन उभे राहिले, असा हिशेब मी मांडणार नाही. असा हिशेब आपण दुसऱ्याच्या दुःखावर फार सहज बसवतो आणि मला तो आवडत नाही. रमाबाईंचे कान काही सुधारले नाहीत आणि त्यांचे कामही अडले नाही, एवढेच मी म्हणतो. पौलाच्या शरीरातील काट्याचेही तेच. तो काढावा म्हणून त्याने तीनदा विनंती केली, काटा राहिला आणि ‘माझी कृपा तुला पुरे’ हे उत्तर मिळाले. तो काटा कोणता होता, हे त्याने सांगितलेले नाही, आणि मला वाटते ते बरेच झाले; नाहीतर ज्याचा काटा तसाच असेल, त्यानेच ते वचन आपले मानले असते.

आता तुमच्या भावाविषयी. तो का गेला, हे मी सांगणार नाही, कारण ते मला माहीत नाही. आणि माहीत असल्याचा आव आणणाऱ्यांचे काय होते ते ईयोबाच्या पुस्तकाच्या शेवटी लिहिलेले आहे. सर्वस्व गमावलेल्या ईयोबाचे मित्र सात दिवस त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसून राहिले, तोवर त्यांचे सारे ठीक होते. बोलू लागले आणि चुकले. शेवटी देवाने त्या मित्रांना सांगितले की, माझा सेवक ईयोब माझ्याविषयी जसे यथार्थ बोलला, तसे तुम्ही बोलला नाहीत. हे कोणत्या ईयोबाविषयी? ज्याने आपल्या जन्मदिवसाला शाप दिला, जो देवाला तोंडावर जाब विचारत होता, त्या ईयोबाविषयी. साखळी प्रार्थनेत कुठे कडी तुटली, कोणाचा उपवास खरा नव्हता, असला शोध जर कोणी तुमच्या घरी बसून घेत असेल, तर त्याला चहा द्या आणि विषय बदला.

संशयाविषयी मला सर्वांत जवळची वाटते ती बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाची हकीकत. ज्याने यार्देनेच्या काठी येशूकडे बोट दाखवून, हा पाहा देवाचा कोकरा, अशी ग्वाही दिली, तोच पुढे हेरोदाच्या तुरुंगात पडला आणि तिथून त्याने शिष्यांकरवी विचारले की, येणारा तो तूच, की आम्ही दुसऱ्याची वाट पाहावी? कोंडलेल्या माणसाला असा प्रश्न पडणे किती स्वाभाविक आहे ते पाहा. बंदिवानांना सुटका, असे वचन ज्याच्याविषयी होते, तो बाहेर मोकळा हिंडत होता आणि योहान आत होता. प्रभूने त्याला फटकारले नाही. आंधळे पाहतात, पांगळे चालतात, गरिबांना सुवार्ता सांगितली जाते, हे जे ऐकता व पाहता ते त्याला जाऊन सांगा, एवढेच म्हणाला. योहान सुटला नाही. त्याचा शिरच्छेद झाला, आणि हे मऊ करून सांगण्यात अर्थ नाही. पण तो निरोप घेऊन शिष्य पाठमोरे होताच प्रभूने लोकांसमोर काय म्हटले? स्त्रियांपासून जन्मलेल्यांत योहानापेक्षा मोठा कोणी उत्पन्न झाला नाही. ही थोरवी त्याच्या नदीकाठच्या ग्वाहीनंतर लगेच सांगितलेली नाही, तुरुंगातून आलेल्या त्या शंकेनंतर सांगितली आहे. आणि योहानाने तो प्रश्न इतर कोणाला न विचारता थेट येशूलाच विचारला होता. म्हणून तुमच्या प्रश्नाविषयी माझी एकच विनंती आहे. ‘ऐकणारा कोणी आहे का?’ हे वाक्य मनातल्या मनात फिरवत बसू नका, ते प्रार्थनेत म्हणा. अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र अंधारात सुरू होते आणि अंधारातच संपते, शेवटी आशेची एकही ओळ नाही. तरी ते प्रार्थना म्हणूनच शास्त्रात ठेवलेले आहे.

मी चाळीस वर्षे वचनाची सेवा करीत आलो आहे. त्यातला एक संपूर्ण पावसाळा असा गेला की, गुडघे टेकले तरी शब्द फुटत नसे आणि फुटला तरी छताला लागून परत येत असे. त्या दिवसांत मी उपदेश बंद केला नाही, पण जे मला त्या आठवड्यात म्हणवत नव्हते ते व्यासपीठावरून म्हणायचे नाही, एवढे पथ्य पाळले. माझे उपदेश त्या काळात आखूड झाले. कोणी तक्रार केली नाही.

तेव्हा ढोंगाचा प्रश्न मी असा पाहतो. मत्तयाच्या शेवटच्या अध्यायात अकरा शिष्य गालीलातील डोंगरावर पुनरुत्थित प्रभूला पाहून नमन करतात, आणि त्याच वचनात लिहिले आहे की काहींना संशय वाटला. त्यांना बाजूला काढून, तुमचा संशय फिटला की या, असे प्रभू म्हणत नाही. सर्व राष्ट्रांतील लोकांना शिकवण्याची आज्ञा सरसकट सगळ्यांना मिळते. नमन करणे आणि संशय असणे या दोन्ही गोष्टी एका माणसात एकाच वेळी राहू शकतात, हे शास्त्राला ठाऊक आहे. नसलेला विश्वास असल्याचे दाखवणे हे ढोंग, यात शंका नाही. पण आठ वर्षांच्या मुलांपुढे आपली सगळी तळमळ ओतणे हा काही प्रामाणिकपणा नव्हे. जे तुम्हाला म्हणवते तेवढे शिकवा. एखाद्या रविवारी एखादे लेकरू विचारील की, बाई, आम्ही रोज प्रार्थना करत होतो तरी माझे आजोबा का गेले? त्या वेळी ‘मलाही माहीत नाही, मीही देवाला हेच विचारते आहे’ असे सांगून त्याला जवळ घेणारी बाई समोर असावी, असे मला वाटते.

मुलांसाठी आरंभ कुठून करावा, असे विचाराल तर गिदोनापासून करा. द्राक्षकुंडात लपून गहू झोडणारा तो भ्यालेला तरुण, देवदूताने ‘पराक्रमी वीरा’ म्हटल्याबरोबर उलट विचारतो की, परमेश्वर आमच्याबरोबर आहे तर हे सगळे आमच्यावर का आले? तुमचाच प्रश्न. त्याचे उत्तर त्याला त्या दिवशी मिळत नाही. तुझ्या अंगी जे बळ आहे ते घेऊन जा, असे सांगितले जाते. तो लोकरीची परीक्षा दोनदा घेतो, भीतीमुळे बआल या परक्या दैवताची वेदी रात्रीच्या अंधारात पाडतो, आणि बत्तीस हजारांतून शेवटी त्याच्याबरोबर तीनशे उरतात. ते तीनशे जण मडक्यांत मशाली लपवून रात्री शत्रूच्या छावणीपाशी जातात आणि आरोळी देत ती मडकी फोडतात. कुंभाराकडून दहा-बारा लहान मडकी आणा, आत पेटत्या दिव्याऐवजी बॅटरी ठेवा, खोलीत अंधार करा आणि तुमच्या खुणेसरशी मुलांना ती मडकी अलगद दगडावर फोडू द्या. ‘परमेश्वराची तलवार, गिदोनाची तलवार!’ ही आरोळी मात्र सर्वांनी एका सुरात द्यायची आहे, तुम्हीसुद्धा.